साठीनंतर मातीकाम: चाक लगेच घेऊ नका, आधी हाताने सुरू करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ६६. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत उभा जन्म लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापायच्या यंत्रावर, टर्नर म्हणून गेला. निवृत्तीनंतर हात रिकामे राहिले, ते सहन होत नाही. फोनवर कुंभारकामाचे व्हिडिओ पाहून ओढ लागली आहे आणि लेकीने चाक भेट द्यायचं ठरवलं आहे. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखतं, मधुमेहही आहे. या वयात जमेल का, चाक घ्यावं का, भट्टीचं काय करायचं, असं तुम्ही विचारलं आहे.

जमेल. अगदी नीट जमेल. पण लेकीला सांगा, चाक आत्ता नको. निदान पहिले काही महिने हाताने घडवा. मग चाकाकडे या, आणि तेही उलट्या टोकाकडून या. उलटं टोक म्हणजे काय ते पुढे सांगते, कारण तुमच्यासारख्या टर्नरला तो रस्ता इतर कोणाहीपेक्षा सोपा आहे.

मी पुण्यात बरीच वर्षं मातीकाम शिकवते. माझ्याकडे येणाऱ्यांत निवृत्त माणसं भरपूर असतात आणि जवळजवळ सगळ्यांची पहिली मागणी एकच असते, "मला चाकावर बसवा." त्यात नवल नाही. चाकावर माती वर चढताना पाहणं म्हणजे डोळ्यांना सुख असतं. व्हिडिओत मात्र एक गोष्ट दिसत नाही. फिरत्या मातीचा गोळा बरोबर मध्यावर आणायला, म्हणजे सेंटरिंगला, किती दाब लागतो आणि तो कुठून येतो, हे कॅमेऱ्याला कळत नाही. जाणकार कुंभार तो दाब खांद्यातून आणि कंबरेतून देतो, कोपर मांडीवर टेकवून. नवशिका तो मनगटातून आणि अंगठ्यातून देतो. त्यानंतर गोळ्याला मधोमध भोक पाडायचं, ते पुन्हा अंगठ्यानेच. तुमचं दुखणं नेमकं अंगठ्याच्या मुळाशी आहे. पहिल्या आठवड्यातच सांधा सुजला की माणूस "आपल्या नशिबात नाही" म्हणून सोडून देतो. अशी सोडून गेलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचा हात चांगला होता.

तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, ती तुमच्या अनुभवातूनच येते. लेथवर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, चकच्या जबड्यात घट्ट धरलेला असतो, टूल टूलपोस्टमध्ये. दोन्ही जागचे हलत नाहीत, म्हणून माप येतं. चाकावर माती धरायला कोणी नाही. चकही तुमचा हात आणि टूलही तुमचा हात. शिवाय लोखंड कापलं तिथे थांबतं. माती थांबत नाही. दाबली की दुसरीकडून फुगते, ओली असते तोवर खाली बसते, वाळताना आकसते, भट्टीत पुन्हा आकसते. टर्नरचा हात घट्ट असतो आणि मऊ मातीला घट्ट हात सोसत नाही. तो सैल व्हायला वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ चाकावर घालवण्यापेक्षा टेबलावर घालवणं अंगाला स्वस्त पडतं.

हाताने घडवणं म्हणजे कमी दर्जाचं, चाक आलं की खरं कुंभारकाम, असा एक समज आपल्याकडे आहे. तो काढून टाका. जपानमध्ये चहाच्या विधीत ज्यांना सर्वांत जास्त मान आहे ते राकू वाडगे सोळाव्या शतकापासून हातानेच घडवले जातात, चाकाशिवाय. मणिपूरच्या उखरूल जिल्ह्यात लाँगपीची काळी भांडी होतात. सर्पेंटाइन दगडाची पूड आणि झिजलेल्या खडकाची माती यांच्या मिश्रणातून, चाकाला हात न लावता. आपल्या गावच्या कुंभाराचा माठसुद्धा निम्मा चाकावरचा आणि निम्मा चाकाबाहेरचा असतो. चाकावर गळा आणि जाड अंग काढून घ्यायचं, थोडं सुकू द्यायचं, मग आतून गोल दगड धरून बाहेरून थापटण्याने ठोकत ठोकत तळ फुगवायचा. माठाचा गोल पातळ तळ हे चाकाचं काम नव्हे, थापटण्याचं आहे.

थापटणं म्हटलं की गोरोबाकाका आठवतात. संतमंडळींच्या डोक्यावर थापटणं मारून नामदेवांना कच्चं मडकं ठरवल्याची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. त्या कथेतली परीक्षा आजही आम्ही रोज करतो, थापटण्याऐवजी बोटाच्या पेराने. भट्टीतून निघालेलं भांडं तळहातावर धरून टिचकी मारायची. खणखणीत आवाज आला तर ठीक. बसका, फाटका आवाज आला तर कुठेतरी डोळ्यांना न दिसणारी चीर आहे असं समजायचं. बेअरिंग वाजवून पाहणाऱ्या तुमच्या कानाला हे लगेच कळेल.

आता कामाला लागू. पहिलं भांडं पिंच पॉट, म्हणजे चिमटीने घडवलेली वाटी. साधारण ३०० ग्रॅम माती घ्या, दोन्ही तळहातांत फिरवून गुळगुळीत गोळा करा. मधोमध अंगठा घालायचा, तळाला साधारण बोटाच्या जाडीइतकी माती राखून. इथे उजवा अंगठा वापरू नका. डावा वापरा, नाहीतर लाकडी मुसळीचं बारकं टोक किंवा लाटण्याचा दांडा वापरा, काही बिघडत नाही. मग आत अंगठा आणि बाहेर बोटं ठेवून हलके दाब देत गोळा थोडा थोडा फिरवत न्यायचा. तळापासून सुरुवात करायची, काठाला सर्वांत शेवटी हात लावायचा. काठ आधी पातळ केला तर तो आधी सुकतो, फाकतो आणि चिरतो. भिंत ५-६ मिलिमीटरवर आली की थांबायचं. काठाला बारीक चिरा दिसल्या की नवशिका पटकन पाण्यात बोट बुडवून फिरवतो. तसं करू नका. वरचं पाणी माती आत घेते, ती आणखी मऊ होते आणि चिरा परत येतात. कोरड्याच बोटाने चीर दाबून सारखी करा. फार सुकली असेल तर ओलसर स्पंज एकदाच फिरवा.

मग वाटी बाजूला ठेवायची. अर्धा तास. ही अर्ध्या तासाची गोष्ट मी मुद्दाम लिहिते आहे, कारण मातीकामात निम्मं काम वाट पाहण्याचं आहे आणि तिथे वयस्क माणसं तरुणांपेक्षा पुढे असतात. पंचविशीतली मुलं ओल्याच मातीवर आणखी काहीतरी चढवायला जातात आणि भांडं बसतं. साठीतला माणूस चहा पिऊन येतो. तेवढ्यात माती पुढचं काम पेलायला तयार झालेली असते.

दुसरी पद्धत वळ्यांची, कॉइलची. मातीच्या लांब सारख्या वळ्या करून एकावर एक चढवायच्या. इथे जोड हा खरा विषय आहे. दोन्ही बाजूंना काट्याने ओरखडे काढायचे, मध्ये स्लिप, म्हणजे त्याच मातीची पातळ लापशी लावायची, दाबून बसवायचं आणि आतून तरी वळी वळीत पुसून टाकायची. जोडाच्या दोन्ही बाजूंची ओल सारखी असली पाहिजे. कपाचं अंग निम्मं सुकलेलं आणि कान ताजा ओला असेल, तर कान जास्त आकसतो आणि जोडाशी चीर जाते. मग कितीही चांगली स्लिप लावली असली तरी उपयोग नसतो.

तिसरी पद्धत स्लॅबची, आणि ती तुम्हाला आवडेल. दोन्ही बाजूंना ६ मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवायच्या, खाली जुनं धोतर किंवा सुती साडीचा तुकडा, मध्ये माती, आणि लाटणं पट्ट्यांवर टेकेपर्यंत लाटायचं. जाडी आपोआप एकसारखी येते. एकाच दिशेने लाटू नका, उलटवून आडवं-उभं लाटा. आणि स्लॅब उचलताना कापडासकट उचला, वाकवू नका. माती वाकवलेलं लक्षात ठेवते. तुम्ही ती परत सपाट करून टेबलावर ठेवली, ती सपाट दिसलीही, तरी भट्टीत तोच कोपरा पुन्हा वर येतो. मातीचे कण चपट्या पत्र्यांसारखे असतात, दाबाच्या दिशेने ते ओळीने बसतात आणि भट्टीत आकसताना त्या ओळींप्रमाणेच आकसतात. हे कारण कळलं की मातीच्या पुष्कळशा खोड्या समजतात.

आकसण्याचं माप काढायची सोपी युक्ती सांगते. मातीची एक पट्टी करा, ओली असतानाच त्यावर बरोबर १०० मिलिमीटरची रेघ ओढा. वाळल्यावर मोजा, भट्टीतून आल्यावर पुन्हा मोजा. स्टोनवेअरमध्ये, म्हणजे जास्त तापमानाला भाजून दाट होणाऱ्या मातीत, ती ८८-९० मिलिमीटरच्या आसपास येईल. समजा ८८ आली, म्हणजे १२ टक्के आकसली. आता तुम्हाला ९० मिलिमीटर उंचीचा कप हवा असेल तर ओला कप ९० भागिले ०.८८, म्हणजे सुमारे १०२ मिलिमीटरचा करायचा. झाकणाचं भांडं करताना झाकण आणि भांडं एकाच मातीचं, एकाच दिवशी, शक्यतो एकमेकांवर ठेवूनच वाळवायचं. प्रत्येक नव्या मातीची अशी पट्टी करून तिच्यावर मातीचं नाव कोरून ठेवा. माझे कितीतरी विद्यार्थी ही पट्टी करायचा कंटाळा करतात. तुम्ही करणार नाही असं मला वाटतं.

वाळवण्याबद्दल आपल्या हवेचा विचार करावा लागतो. एप्रिल-मेमध्ये नाशिकला दुपारी वाटी पंख्याखाली ठेवली तर काठ काही तासांत पांढरा पडेल आणि तळ ओलाच राहील. म्हणजे चीर ठरलेली. उन्हाळ्यात भांड्यावर प्लॅस्टिकची पिशवी सैल घालून ठेवा, कान आणि काठ जास्त झाका, दुसऱ्या दिवशी भांडं उलटं करा. पावसाळ्यात उलट होतं, आठवडा झाला तरी माती सुकल्याची खात्री देता येत नाही. गालाला लावून पाहा. गार लागली तर आत पाणी आहे.

याच ठिकाणी एक जुना गैरसमज. "आत हवेचा बुडबुडा राहिला म्हणून भट्टीत भांडं फुटलं" असं सगळीकडे ऐकू येतं. बुडबुडा एकटा फोडत नाही. फोडतं पाणी. १०० अंश सेल्सियसला मातीतल्या पाण्याची वाफ होते, जाड भिंतीतून तिला वेळेत बाहेर पडता आलं नाही की ती भिंत उडवते. म्हणून जाड मूर्ती आतून पोकळ करायच्या, बंद पोकळीला भोक ठेवायचं आणि पूर्ण वाळल्याशिवाय भट्टीत द्यायचं नाही. पुढे ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या रचनेत बांधलेलं पाणी निघून जातं आणि ५७३ अंशांना मातीतली क्वार्ट्झची स्फटिकरचना बदलते, तिथे ती थोडी एकदम फुगते. थंड होताना त्याच ठिकाणी आकसते. म्हणून भट्टी घाईने उघडायची नसते.

आता अंगाबद्दल. हा भाग नीट वाचा.

अंगठ्याचं दुखणं आधी डॉक्टरांना किंवा हँड थेरपिस्टला दाखवा. बऱ्याचदा अंगठ्याला आधार देणारा छोटा पट्टा घालून काम करता येतं. माती मऊ घ्या, दुकानात मिळते त्यापेक्षाही मऊ. गोणीतली माती घट्ट असेल तर तारेने चकत्या कापून, प्रत्येक चकतीवर पाणी शिंपडून, पिशवीत बांधून दोन-तीन दिवस ठेवा. पाणी थंड नको, कोमट घ्या. हिवाळ्यात याने फार फरक पडतो. माती तिंबताना मनगट वळवून मळू नका. तारेने गोळा दोन तुकडे करायचा, वरचा तुकडा उलटवून खालच्यावर आपटायचा, पुन्हा कापायचा. पंधरा-वीस वेळा केलं की माती एकजीव होते आणि मनगट वाचतं. व्हॅक्यूम पगमिलमधून, म्हणजे माती मळून हवा काढणाऱ्या यंत्रातून, काढलेली तयार माती मिळाली तर तीच घ्या. गोणी उचलू नका, गोणीतच तारेने कापून हवी तेवढी काढा. एका बैठकीला पाऊण तास पुरे. दुसऱ्या दिवशी सकाळी सांधा आदल्या दिवसापेक्षा जास्त ताठरला असेल तर आदल्या दिवशीचं काम जास्त झालं, एवढा साधा हिशेब ठेवा.

टेबलाची उंची सगळे विसरतात. माती तिंबायला टेबल खाली हवं, हात सरळ सोडल्यावर मूठ टेकेल इतकं. बारीक कामाला मात्र कोपराच्या उंचीवर काम हवं, नाहीतर मान वाकते. एकच टेबल असेल तर बारीक काम करताना त्यावर दोन विटा आणि फळी ठेवा. बायफोकल चष्म्याने हनुवटी वर करून पाहायची सवय असेल तर कामाच्या अंतराचा वेगळा साधा चष्मा करून घ्या. मातीने काचेवर ओरखडे येतात, म्हणून तो महागातला करू नका.

मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झाली आहे का, हे तपासून घ्या. कमी असेल तर माती शिकायला अडत नाही, पण सुईचं टोक, तार, भाजलेल्या भांड्याची खाचरट कड लागलेली कळत नाही. काम झाल्यावर हात धुऊन उजेडात बोटं पाहायची सवय लावा. माती त्वचेतलं तेल काढून घेते, भेगा पडतात आणि मधुमेहात त्या लवकर भरत नाहीत. आधी आणि नंतर खोबरेल तेल लावा. पायात रबरी तळव्याचे बंद बूट किंवा सॅंडल घाला. स्टुडिओतली जमीन ओली असते आणि मातीच्या लापशीवर पाय सटकतो. या वयात खुब्याचं हाड मोडणं ही अंगठ्यापेक्षा मोठी गोष्ट आहे.

धुळीबद्दल मी कडक आहे. ओली माती निरुपद्रवी असते, सुकलेल्या मातीची धूळ नाही. तिच्यात सिलिका असते, ती वर्षानुवर्षं फुप्फुसात साठत गेली तर सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. वाळलेलं भांडं पॉलिश पेपरने घासू नका, ओल्या स्पंजने कडा मऊ करा. जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. ग्लेझची, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाची, पूड कालवताना एन९५ मास्क लावा. तुम्ही कारखान्यात ग्राइंडिंगच्या किंवा फाउंड्रीच्या जवळ काम केलं असेल तर फुप्फुसांची एकदा तपासणी करून घेतलेली बरी.

भट्टी घेऊ नका. छोट्या इलेक्ट्रिक भट्टीलाही बहुतेक वेळा वेगळी वायरिंग, बऱ्याचदा थ्री फेज जोडणी लागते, मोकळी हवेशीर जागा लागते आणि तापायला-निवायला मिळून एक-दीड दिवस जातो. सोसायटीच्या बाल्कनीतलं हे काम नव्हे. स्टुडिओ भाजून देतात, वजनावर किंवा भट्टीतल्या जागेवर पैसे घेतात. भाजणं दोनदा होतं. पहिलं बिस्क, साधारण ९०० ते १००० अंशांना. भांडं कडक होतं पण पाणी शोषतं, म्हणून ग्लेझ पकडतं. दुसरं ग्लेझचं, स्टोनवेअरसाठी १२०० ते १३०० अंशांच्या दरम्यान. त्यात माती दाट होते आणि ग्लेझ काच होऊन बसतं. लाल मातीची भांडी याच्या बऱ्याच खाली भाजतात, म्हणून ती झिरपतात. माठ गार पाणी देतो तो याच झिरपण्यामुळे. लाल मातीची कुंडी, पणती, झाडाची थाळी करायची असेल तर नाशिकच्या एखाद्या कुंभाराला विचारा, त्याच्या आव्यात तुमच्या चार वस्तू ठेवू देईल का. विचारताना पैसे आधी सांगा. त्याच्यासाठी ते पोटापाण्याचं काम आहे आणि तुमच्या ओलसर वस्तूमुळे शेजारची दहा मडकी फुटू शकतात.

खाण्यापिण्याच्या भांड्याला कोणतं ग्लेझ लावायचं हे शिकवणाऱ्याला स्पष्ट विचारा. शिसं असलेलं ग्लेझ तर नकोच. आणि "लेड-फ्री" एवढ्यावरही समाधान मानू नका, ग्लेझ पूर्ण पिकलेलं हवं. घरी एक ढोबळ चाचणी करता येते. लिंबाची फोड ग्लेझवर ठेवून रात्रभर सोडा. सकाळी तिथला रंग फिका किंवा चकाकी मंद झाली असेल तर त्या भांड्यात लोणचं, ताक, चिंचेचं सार ठेवू नका. त्यात पेनं ठेवा. चाचणीत काही दिसलं नाही म्हणजे शंभर टक्के निर्धोक असं मात्र नाही, ती खात्री प्रयोगशाळेतच होते.

आता ते उलटं टोक. चाकावरच्या कामाचे दोन भाग असतात. पहिला थ्रोइंग, ओल्या मातीतून भांडं वर काढणं. दुसरा ट्रिमिंग. भांडं चामड्याइतकं घट्ट झालं की ते चाकावर उलटं ठेवून, लोखंडी टूलने तळ खरडून त्याला पायाची कडी काढायची. इथे भांडं मातीच्या गोळ्यांनी चाकावर पक्कं बसवलेलं असतं, टूल हातात असतं, हात टेकलेला असतो, चिप निघत असते. हे तुमचं टर्निंगच आहे. ताकद जवळजवळ लागत नाही. लागतो तो कान, कारण तळ पातळ होत चालला की टूलचा आवाज बदलतो, आणि लागते मध्य साधण्याची नजर. फिरत्या भांड्याजवळ बोट स्थिर धरायचं, ज्या बाजूला ते घासेल त्या बाजूला टिचकी देऊन भांडं आत सरकवायचं. डायल लावून जॉब ट्रू करणाऱ्याला, म्हणजे बरोबर मध्यावर आणणाऱ्याला, हे पहिल्या दिवशी समजतं.

म्हणून माझा सल्ला असा. हाताने घडवलेले वाडगे जमू लागले की स्टुडिओतल्या चाकावर त्यांचं ट्रिमिंग करा. पिंच पॉट पुरता गोल नसतो, तरी पायाची कडी गोल काढता येते, आणि असे वाडगे दिसायला फार देखणे असतात. महिना-दोन महिने तेच करा. चाकाचा वेग, पायाच्या पेडलचा दाब, बसण्याची ढब हे सगळं त्यात अंगवळणी पडतं. मग थ्रोइंगला या. तेव्हाही ४०० ग्रॅमच्या वर जाऊ नका. स्टूल चाकाच्या पृष्ठभागाइतकं उंच घ्या, कोपर मांडीला किंवा कंबरेला टेकवा, भोक अंगठ्याने न पाडता मुठीच्या पेरांनी पाडा. चाक विकत घ्यायचा विचार त्यानंतर. तोवर लेकीचे पैसे वर्गाच्या फीला लावा.

वर्ग निवडताना एवढं पाहा. भाजण्याचे पैसे फीमध्ये आहेत की वेगळे. हाताने घडवणं गंभीरपणे शिकवतात की चाकाच्या आधी उरकून टाकायची गोष्ट म्हणून. पाठ टेकेल अशी खुर्ची आणि जिने नसलेली जागा आहे का. दोन तासांची "अनुभव" कार्यशाळा घेऊ नका, तिथे शिक्षकच भांडं काढतो आणि तुम्ही हात लावता. नाशिकमध्ये मनासारखं मिळालं नाही तर पुणे-मुंबईत पर्याय पुष्कळ आहेत. आणि कधी चंद्रपूरकडे गेलात तर भद्रावतीला ग्रामोदय संघ पाहा, खेड्यातल्या कुंभाराचं काम सुधारायचं म्हणून उभी राहिलेली ती संस्था आहे. पुदुच्चेरीला गेलात तर तिथलं स्टुडिओंचं काम बघा. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये तिथे गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली आणि आज भारतात स्टोनवेअर करणाऱ्या अनेकांचे हात तिथे घडलेले आहेत.

वयाचा प्रश्न तुम्ही दोनदा विचारला आहे, म्हणून दोन नावं सांगते. ओतागाकी रेंगेत्सू, जन्म १७९१, क्योतोतली बौद्ध भिक्षुणी. नवरा, मुलं गेली, १८३२ मध्ये वडीलही गेले, त्यानंतर चाळिशी ओलांडल्यावर तिने पोटासाठी माती हातात घेतली. चाकाविना, हाताने चहाच्या किटल्या आणि वाडगे घडवायची आणि ओल्या मातीवर स्वतःच्या कविता कोरायची. १८७५ मध्ये, चौऱ्याऐंशीच्या आसपास गेली, तोवर तिच्या भांड्यांना क्योतोत मोठी मागणी होती. दुसरी बिएट्रिस वुड, अमेरिकेतली. हॉलंडमध्ये घेतलेल्या चकाकत्या बशांना जुळणारी किटली हवी, म्हणून चाळिशीत एका शाळेतल्या मातीच्या वर्गात गेली. १९९८ मध्ये १०५ वर्षांची होऊन वारली, आणि शंभरी ओलांडल्यावरही ती काम करत होती. भारतात येऊन गेल्यावर ती साडी नेसत असे. या दोघींना लेथवर घडलेलं हाताचं कौशल्य नव्हतं. तुम्हाला आहे.

बिघडलेलं काम जपून ठेवू नका. निवृत्त माणसं पहिली प्रत्येक वाटी भाजायला आणतात आणि मग घरात ठेवायला जागा उरत नाही. सुरुवातीच्या वाट्यांतल्या निम्म्या तारेने मधोमध उभ्या कापा आणि भिंत कुठे जाड, कुठे पातळ झाली ते पाहा. एका कापात जे कळतं ते दहा भांडी भाजून कळत नाही. कापलेली माती वाया जात नाही. ती पूर्ण कोरडी होऊ द्या, मग बादलीत पाण्यात टाका. कोरडा तुकडा पाण्यात पडल्याबरोबर आपोआप विरघळून खाली बसतो. अर्धवट ओला टाकला तर आठवडाभर गोळाच राहतो. वरचं पाणी काढून गाळ प्लॅस्टरच्या लादीवर किंवा जुन्या चादरीवर पसरला की माती परत कामाला तयार. बिस्क झालेलं भांडं मात्र परत माती होत नाही, म्हणून ठरवायचं ते भट्टीच्या आधी.

शेवटी, पहिल्या दिवशी काय न्यायचं. एक जुना टॉवेल, जुनं सुती कापड, लाटणं, स्पंज, दातांचा जुना ब्रश, निकामी झालेलं एटीएम कार्ड (त्याने भिंत गुळगुळीत होते), आणि मासेमारीची नायलॉन दोरी, दोन टोकांना नट बांधून, ती झाली माती कापायची तार. बाकीचं तुम्हीच बनवू शकता. खोक्यांना बांधतात ती पोलादी पट्टी वाकवून लाकडी दांड्यात बसवली की ट्रिमिंगचं उत्तम टूल होतं. हॅकसॉच्या तुटक्या पात्याला ग्राइंडरवर गोल धार दिली की खरडणी होते. आणि ओळखीच्या वर्कशॉपमध्ये लेथ अजून वापरू देत असतील तर एक जड बिडाची तबकडी घ्या, खाली चांगलं बेअरिंग बसवा, वर सारख्या अंतरावर गोल खाचा काढा. हाताने फिरवायचा असा फिरता पाट बाजारात मिळतो तो हलका असतो आणि मध्येच थांबतो. तुम्ही केलेला एका धक्क्यात दोन-तीन मिनिटं फिरला पाहिजे. त्यावर वाडगा ठेवून काठ सारखा करता येतो, रंगाची रेघ ओढता येते, वळ्या चढवता येतात. पहिलं वर्ष तुम्हाला एवढं चाक पुरेल.